चौदावा पाय

“मग सांगा भन्ते, आता बांधावर माणूस कशाला हवा?”

सुगतने विचारलं खरं, पण त्याच्या आवाजात प्रश्न नव्हता. उत्तर तो घरूनच घेऊन आला होता. आमच्याकडून फक्त मान डोलवून हवी होती.

भन्ते विनयसार शेवटचा घास घेत होते. बाराला दहा मिनिटं कमी होती, आणि बारानंतर भन्ते अन्नाला शिवत नाहीत. त्या शुक्रवारी भोजनदानाची पाळी माझी होती, म्हणून मी विहारात होते. नसते तर हे कोणी लिहून ठेवलं नसतं. सुगत स्वतः ते सांगेल असं मला वाटत नाही.

सुगत तायडे चौथीपर्यंत माझ्या वर्गात होता. नंतर तो भन्त्यांच्या हाताखाली गेला. याच विहाराच्या ओसरीत त्याने तारांना डाग द्यायची, सोल्डरिंगची इस्त्री पहिल्यांदा धरली, याच फरशीवर स्वतःचं बोट भाजून घेतलं. आता पुण्यात मोठा इंजिनियर आहे. गावात आला की चार माणसं मागे चालतात, आणि ते त्याला आवडतं.

भन्त्यांनी हात धुतले. पुसले. त्याच्यासमोर येऊन बसले.

“उघड.”

सुगतने पत्र्याचा डबा उघडला.

डब्याची गोष्ट आधी सांगते. आमचं बोरदरी गाव तलावाच्या खाली आहे. तलावाची भिंत मातीची. अठरा वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात ती भिंत पाझरली, आणि तेव्हापासून दर पावसाळ्याला एक माणूस बांधावरच्या टपरीत रात्रंदिवस राहतो. हातात बॅटरी, उशाशी पितळी परात. भिंतीला काही झालंच तर त्याने परात बडवायची आणि गावाने टेकडीकडे पळायचं. हा माणूस म्हणजे सुगतचे वडील, शालिकराम.

शालिकदादांचे गुडघे गेले. मग छाती गेली. मागच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, अजून एक पावसाळा ओलीत काढला तर पुढचा दिसायचा नाही.

पण सुगतने डबा बनवला तो त्याच्याही आधी. पोराचं बापावर प्रेम आहे, त्याबद्दल मला कधीच शंका नव्हती. त्याने भिंतीच्या पोटातून आठ बारीक तारा फिरवल्या. भिंत कुठेही तडकली की तिथली तार तुटणार. तार तुटली की डब्याला कळणार. डब्याला कळलं की समाजमंदिरावरची मोठी घंटा वाजणार. गेल्या पावसाळ्यात डबा आणि शालिकदादा, दोघेही बांधावर होते. आता दादांना उतरवायचं होतं. त्याच दिवशी पाच वाजता गावाची सभा होती. आणि गावाने एकच अट घातली होती : भन्त्यांनी बघून कागदावर सही द्यायची.

कारण चीवर घेण्याआधी भन्ते रेल्वेत सिग्नलचे इन्स्पेक्टर होते. एकतीस वर्षं. त्यांच्या हद्दीत दोन गाड्या कधी समोरासमोर आल्या नाहीत.

डब्यात एक हिरवी पट्टी होती. पट्टीवर मधोमध एक काळी चिप, बोटाच्या पेराएवढी. दोन्ही बाजूंना सात-सात पाय.

भन्त्यांनी हात पुढे केला, मग थांबले. खिडकीच्या लोखंडी गजाला क्षणभर धरलं आणि मगच पट्टी हातात घेतली.

सुगत हसला.

“भन्ते, आता असं कोणी करत नाही. अंगातली वीज लागून चिप मरायची ते दिवस गेले. प्रत्येक पायाच्या आत संरक्षण असतं.”

“माहीत आहे.”

“मग?”

“सवय.”

त्यांनी चिप उजेडात धरली. वरचे आकडे पुसट होते तरी त्यांनी ओळखली.

“चार-शून्य-सहा-आठ.”

“तीच. सगळे म्हणाले नवं काहीतरी घाल, प्रोग्रॅम लिही, मोबाइलवर मेसेज पाठव. मी म्हटलं, नाही. एकच काम करायचंय ना, मग एकच काम येणारी चिप घालायची. तुम्हीच शिकवलंय.”

भन्त्यांना बरं वाटलं. मला त्यांचा चेहरा वाचता येतो.

या चिपा मला नव्या नव्हत्या. भन्त्यांच्या कपाटात काळ्या स्पंजात खोचलेल्या त्या पन्नास-साठ तरी असतील, सगळ्या जुन्या घराण्याच्या. विहारात वंदनेच्या वेळी जी बारीक घंटी वाजते ती त्यांतलीच एक वाजवते. एकदा भन्त्यांनी चार लिंबांत खिळे आणि तांब्याच्या तारा खोचून, त्या लिंबांवर एक चिप चालवून दाखवली होती. टिक, टिक, टिक. मी घरी गेले, स्वयंपाक केला, झोपले, सकाळी परत आले. लिंबं सुकायला लागली होती आणि टिकटिक चालूच होती. कशावर जगते ही, असं मी तेव्हा विचारलं होतं. भन्ते म्हणाले होते, “बाई, हिला लागतंच काय!”

त्या दिवशी मी डब्यातल्या चिपेकडे तशाच नजरेने बघत होते.

“हिला एवढंच विचारता येतं,” सुगत मला समजावत होता. मीच चौथीतली पोर असल्यासारखा सावकाश. “आठही तारा ठीक आहेत का? आठही जणी ‘ठीक’ म्हणाल्या तर ही गप्प. एक जरी गप्प झाली की ही ओरडते.”

“दाखव,” भन्ते म्हणाले.

त्याने सगळं मांडलं. बॅटरी. छोटी घंटा. आठ तारा, एका टोकाला डब्यात जोडलेल्या, दुसऱ्या टोकाला चिमट्यांनी बॅटरीला लावलेल्या. बांधावर याच तारा भिंतीच्या पोटातून फिरून येतात, इथे सरळ आल्या, फरक एवढाच.

पहिला चिमटा काढला. घंटा खणखणली.

परत लावला. गप्प.

दुसरा. खणखण. तिसरा. चौथ्याला मी टाळी वाजवली, माझ्याच्याने राहवलं नाही. आठव्यापर्यंत एकदाही चूक नाही. सुगतच्या कपाळावर घाम होता आणि ओठांवर हसू.

“गेल्या पावसाळ्यात बाबा रोज एक तार सोडून बघायचे. एकशे बावीस दिवस. रोज वाजली.”

“रोज एक?”

“हो. एकेक करून. नीट.”

भन्त्यांनी आठही चिमटे एकदा बोटाने मोजले.

छपरावर पारवे घुमत होते. सुगतने कागद काढला, पेन काढलं, टोपण उघडून भन्त्यांच्या बाजूला ठेवलं.

“भिंत कशी फुटते, सुगत?”

“आधी तडा जातो. एका ठिकाणी. मग वाढत जातो.”

“नेहमी?”

उत्तर माझ्याकडे होतं. माझ्या माहेरच्या तलावाची भिंत एका दमात गेली. मी सहा वर्षांची होते, काकाच्या खांद्यावरून पाहिलं. भिंत होती, आणि मग भिंत नव्हती. मधे काही नव्हतं. आमच्या आळीतली नऊ माणसं गेली. मी हे मोठ्याने म्हटलं की मनात, ते आता आठवत नाही. पण भन्त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मग त्यांनी हात पुढे केला. आठही तारा एका मुठीत धरल्या.

आणि ओढल्या.

चिमटे फरशीवर पडले.

...

घंटा वाजली नाही.

सुगत घंटेकडे बघत राहिला. मीही. विहारात इतकी शांतता मी ध्यानाच्या वेळीसुद्धा ऐकली नव्हती.

“काहीतरी सैल झालं असेल,” तो म्हणाला. “तुम्ही झटका दिला ना.”

भन्त्यांनी खाली पडलेला एक चिमटा उचलून त्याच्या हातात दिला.

“लाव.”

त्याने लावला. एकच. बाकी सात तशाच जमिनीवर.

घंटा खणाणली.

“काढ.”

गप्प.

“दुसरी कोणतीही लाव.”

खणखण.

त्याने काढली. लावली. काढली. चौथ्यांदा लावायला त्याचा हात उचलला नाही. आठांतली एक जरी तार धड उरली, तर डबा गाव उठवत होता. आठही तुटल्या, तर डबा गावाइतकाच गाढ झोपत होता.

“हे कसं होऊ शकते?” त्याच्या तोंडून गावची बोली आली. पुण्याहून आल्यापासून मी ती पहिल्यांदा ऐकली. “भन्ते, हे काऊन असं?”

“नकाशा आणलास?”

आणला होता. त्याने तो फरशीवर पसरला. एकेका रेघेवर बोट ठेवत तो पट्टीवरची तार शोधत गेला. कागदावर होतं ते सगळं पट्टीवर होतं. एक रेघ इकडची तिकडे नाही. काम सुबक होतं, कोणीही म्हटलं असतं.

“नकाशा बरोबर आहे, भन्ते. बघा तुम्ही.”

भन्त्यांनी पाहिला. चष्मा काढून परत पाहिला.

“बरोबर आहे.”

“मग?”

“पाय मोज.”

“कुठले?”

“कागदावरचे.”

“आठ आत येणारे. एक बाहेर जाणारा. नऊ.”

“आता चिपेचे.”

“चौदाच असणार ना...”

“मोज.”

सुगत लहान मुलासारखा मोजायला लागला. आठ तारांचे आठ. घंटेकडे जाणारा नववा. दोन मोकळे, त्यांना आत काही नसतंच. एक जादा उत्तराचा, आपल्याला नको असलेला. सातव्या नंबरचा पाय बॅटरीच्या ऋण टोकाला, तो जोडलेला होता. तेरा झाले.

चौदावा कोपऱ्यात होता.

सुगतने पट्टी उलटी केली. चौदाव्या पायाचं टोक तिथे चकाकत होतं, स्वच्छ, एकटं. त्याला काहीही जोडलेलं नव्हतं.

“हा...” त्याने त्यावर बोट ठेवलं. “हा विजेचा पाय आहे.”

“हं.”

मी विचारलं, म्हणजे काय रे? त्याने माझ्याकडे न बघताच सांगितलं.

“बाई, प्रत्येक चिपेला वीज लागते. ती या पायातून येते. पण नकाशात हा पाय कोणी काढत नाही. तो असणारच, हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून.”

“आणि तू विसरलास?”

“मी... कागदात होतं ते सगळं जोडलं.”

मला त्याची दया आली, खरं सांगते. तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या. अवघड गणितं येणारी पोरं नाव लिहायला विसरायची, तशी ही चूक. पण दुसऱ्याच क्षणी माझ्या डोक्यात जे आलं, तेच सुगतच्याही डोक्यात आलं. तो ताठ बसला.

“भन्ते, हिला वीज मिळतच नव्हती.”

“हं.”

“मग ही चालत कशी होती? एकशे बावीस दिवस... आत्ता, तुमच्यासमोर, आठ वेळा...”

भन्त्यांनी कपाटातून मीटर काढून त्याच्यापुढे ठेवला.

“एक तार लाव. आणि चौदाव्यावर मोज.”

“त्याला काही जोडलेलंच नाही, भन्ते. शून्य येणार.”

“मोज.”

घंटा कोकलत होती, भन्त्यांनी तिची तार सोडवून ठेवली. सुगतने मीटरच्या तारेचं टोक चौदाव्या पायाला टेकवलं. मी वाकून पाहिलं.

अकरा पूर्णांक चार.

बॅटरी बाराची होती. आणि ज्या पायाला जगातली एकही तार लागलेली नव्हती, तिथे अकरा पूर्णांक चार व्होल्ट होते.

माझ्या अंगावर काटा आला. या विषयातलं मला ओ की ठो कळत नाही, पण रिकाम्या भांड्यात पाणी दिसावं तसं ते होतं, आणि त्याला घाबरायला इंजिनियर असावं लागत नाही.

“आता तीही काढ,” भन्ते हळूच म्हणाले.

त्याने काढली. आकडे उतरायला लागले. नऊ... पाच... दोन... अर्धा... शून्य.

आम्ही तिघंही त्या शून्याकडे बघत बसलो.

शेवटी सुगत बोलला, स्वतःशीच बोलावं तसा.

“संरक्षण... पायाच्या आतलं संरक्षण. जादा वीज आली तर ती विजेच्या पायाकडे सोडून द्यायला आत एक वाट असते. त्या वाटेने चढत होती. तार ‘ठीक आहे’ सांगायला यायची, आणि ही त्या निरोपातूनच थोडंसं घ्यायची. तेवढ्यावरच... बाई, ही निरोपावर जेवत होती.”

“आणि सगळेच निरोप थांबले की?”

“तेव्हा हिच्यात ओरडायचंही बळ नाही.”

भन्त्यांनी पट्टी दोन्ही हातांनी उचलली. आणि त्या बोटाच्या पेराएवढ्या काळ्या तुकड्याला त्यांनी कपाळ टेकवलं. मी त्यांना बुद्धमूर्तीशिवाय कशापुढे वाकताना पाहिलेलं नाही. त्यांचे डोळे भरले होते.

“एकशे बावीस दिवस,” ते म्हणाले. “इतक्याशावर.”

मलाही हात जोडावेसे वाटले. मी जोडले.

सुगतने मात्र जोडले नाहीत. तो लाल झाला होता. चूक पकडली गेली की काही माणसं रडतात आणि काही भांडतात. हा लहानपणापासून भांडणारा.

“पण भन्ते, यात हिचं काय चुकलं? आलं त्यावर राहिली. कुणाकडे वेगळं मागितलं नाही. तुम्हीही तर...” तो थबकला, पण शब्द निघून गेले होते. “तुम्हीही तर लोक वाढतील त्यावरच जगता.”

“सुगत!” मी ओरडले. वर्गात ओरडायचे तशी.

भन्ते हसले. अगदी मोकळं, पोट हलवून हसले. मला वाटतं त्यांना तो प्रश्न सगळ्यात जास्त आवडला.

“खरं आहे. समोर बाईंचं ताट पडलंय अजून.” हसू ओसरलं. “म्हणून तर मी कोणाच्या बांधावर पहारा देत नाही.”

सुगतने मान खाली घातली.

...

मग काम फार थोडं होतं. भन्त्यांनी इस्त्री तापायला लावली. सुगतने दोन इंच तार कापली, टोकं सोलली. एक टोक थेट बॅटरीच्या धन पट्टीवर, दुसरं चौदाव्या पायावर. राळेचा धूर उठला. तो वास मला आवडतो, उदबत्तीपेक्षा थोडा जास्तच, भन्त्यांसमोर कबूल करणार नाही.

आठही चिमटे लावले. घंटा जोडली. गप्प.

“तू ओढ,” भन्ते म्हणाले.

सुगतने आठही तारा मुठीत धरल्या. माझ्या डोळ्यांपुढे काकाचा खांदा आला, आणि ती भिंत.

त्याने ओढल्या.

घंटा अशी सुटली की छपरावरचे पारवे फडफडून उठले. एकही तार नाही, एकही निरोप नाही, सगळीकडून नुसती शांतता, आणि त्या शांततेतच ती बोंब मारत होती. थांबत नव्हती. सुगतने तिला थांबवलं नाही. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटली नाही. माझ्या माहेरी अशी एक घंटा असती, तर आमच्या आळीची नऊ माणसं टेकडीवर गेली असती, एवढंच मला सारखं वाटत होतं.

शेवटी भन्त्यांनीच बॅटरी सोडवली.

सुगतचा चेहरा पुन्हा उजळला. त्याने कागद सारखा केला. पेन भन्त्यांच्या हातात दिलं.

“आता करा सही. सभेला अजून वेळ आहे. बाबांना आजच सांगतो, की या वर्षी घरी झोपायचं. त्यांची छाती... तुम्ही ऐकली नाही ती. मी ऐकतो फोनवर.”

भन्त्यांनी पेन कागदावर नेलं. टेकवलं नाही.

“सभेत काय सांगणार?”

“यंत्र पूर्ण तपासलं. एकशे बावीस दिवस एकदाही चुकलं नाही.”

“आणि?”

“आणि भन्त्यांनी पाहिलं.”

“आणि?”

सुगतने डबा स्वतःकडे ओढला.

“आजचं कशाला सांगायचं, भन्ते? दुरुस्त झालं ना. लोक घाबरतील. उगाच म्हणतील, हा एक पाय विसरला तर अजून काय काय विसरला असेल. मग बाबांना उतरू देणार नाहीत. माझ्या नावासाठी नाही म्हणत मी, बाबांसाठी म्हणतो.”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आमचं गाव तसंच आहे. मी स्वतः तसंच म्हटलं असतं.

भन्त्यांनी पेनाला टोपण घातलं.

“गेल्या पावसाळ्यात तुझं कौतुक झालं ना?”

“झालं.”

“कोणी केलं?”

“सगळ्यांनी. सरपंचांनी शाल दिली. पेपरात फोटो आला. शाळेत भाषण ठेवलं, या बाईही होत्या तिथे. कॉलेजच्या सरांनी पुण्यात सगळ्या वर्गाला दाखवलं.”

“आणि शालिकरामने?”

“बाबा...” तो अडखळला. “बाबा काही बोलले नाहीत. डबा लावला तरी ते टपरीतच राहिले. पावसाळाभर. मी दर रविवारी फोनवर भांडायचो. म्हणायचो, अख्खं गाव विश्वास ठेवतं आणि तुम्हीच तेवढे ठेवत नाही. माझा अपमान करता तुम्ही.”

“ते काय म्हणायचे?”

“म्हणायचे...” सुगतला पुढचं बोलवेना. “म्हणायचे, ‘अविश्वास नाई रे बापा. तुह्या डब्याले मी सोबत देतो.’”

...

पारवे एकेक करून परतत होते.

“त्यांनी ऐकलं असतं माझं,” सुगत म्हणाला, “तर गेल्या पावसाळ्यात बांधावर कोणीच नसतं.”

त्याला आता कुठे कळत होतं. मी त्याच्याजवळ सरकले, पाठीवर हात ठेवला. अठ्ठावीस वर्षांचा पुरुष माझ्या हाताखाली चौथीतल्या पोरासारखा हुंदके देत होता. भन्त्यांनी त्याला थोपवलं नाही. समजूतही काढली नाही. त्यांनी पट्टी डब्यात ठेवली, आठ तारा नीट गुंडाळल्या, झाकण लावलं. मग कागद उचलून सुगतच्या हातात दिला. सहीची जागा कोरीच होती.

“पाच वाजता सभेत उभा राहा.”

“हो.”

“सांग, गेल्या वर्षी हा डबा तुम्हाला वाचवू शकला नसता. भिंत अख्खी गेली असती, तर हा गप्प बसला असता. सगळ्यांसमोर सांग. बापासमोर सांग.”

“सरपंच शाल परत मागतील,” सुगत डोळे पुसत म्हणाला. त्याला हसायचं होतं, जमलं नाही. “भन्ते, एकही माणूस माझ्या बाजूने बोलणार नाही. एकही नाही.”

“हं.”

“मग सही तेव्हा देणार?”

भन्ते उठले. माझं रिकामं ताट त्यांनी स्वतः उचललं, नळाखाली धुतलं, पालथं घातलं. आम्ही दोघं दारापर्यंत गेलो. सुगतच्या काखेत डबा होता. उन्हात पाऊल टाकण्याआधी त्याने वळून पाहिलं. अजून उत्तर मिळालं नव्हतं.

भन्ते म्हणाले,

“आधी सगळे गप्प होऊ देत. मग बघू, तू वाजतोस का.”